श्री. उरकुडा मेश्राम, संशोधक

पाकीट जाड होतं, वर गोल शिक्का,
पत्ता टाईप केलेला:
श्री. उरकुडा मेश्राम, संशोधक,
मु. पो. सावरबोडी.

गावात उरकुडा मेश्राम पाच आहेत.
आणि संशोधक हा शब्द
माझ्या टपालाच्या वहीत कधी आलाच नव्हता.

बाहेरच्यांसाठी सांगते:
आधीची दोन-तीन लेकरं दगावली की
नवं जन्मलेलं सुईण उकिरड्यावर ठेवायची.
मरण बघायला आलं तर त्याला कचरा दिसावा.
मग सूपभर कनकी देऊन
आई आपलंच लेकरू विकत घ्यायची.
नाव ठेवायची उरकुडा.
म्हणजे पाचही जण एकदा टाकलेले,
एकदा कनकीच्या भावात उचललेले.

मी सायकल काढली.

शाळेमागच्या उरकुडानं तीस वर्षं
झाडीपट्टीच्या नाटकांत पडदा ओढला.
एका मंडईला त्यानं बंडीचं चाक आडवं बसवून
वर फळ्या ठोकल्या.
चार पोरांनी ढकललं
आणि दुसऱ्या अंकातला राजवाडा
बघता बघता तुरुंग झाला.
लोकांनी वन्स मोर दिला तो चाकाला.
राजा अजून रागात आहे म्हणतात.
पाकीट त्यानं उलटंपालटं केलं:
"माझं नोहोय बाई. चाक त बंडीचंच होतं."

तळ्याकडचा कोशाचं सूत काढतो.
मांडीवर सूत वळून बायकोला घट्टे पडले,
तर त्यानं शिलाई मशीनच्या पायट्याला
छत्रीच्या काड्या जोडल्या.
आता ती बसून पाय हलवते, सूत आपोआप येतं.
"तिलेच द्या," म्हणाला,
"तार कुठं तुटते ते तिनंच सांगतलं."
ती आतून ओरडली, सही येत नाही मला,
आणि दार लोटून घेतलं.

तिसऱ्यानं धानाच्या बांधीत
गळक्या डब्याखाली दुसरा डबा टांगला.
भरला की कलंडतो, नांगराच्या फाळावर आपटतो, ठण्ण.
रानडुकरं आठ दिवस घाबरली.
नवव्या दिवशी त्याच ठोक्यावर चरू लागली.
आता फक्त त्याच्या म्हातारीला
त्या आवाजाशिवाय झोप येत नाही.
तो पाकिटाकडे बघून लाजला.

चौथा नागपूरला. दवाखान्यात एक्स-रे काढतो.
फोनवर म्हणाला,
"बक्षीस असंल त माझं, नोटीस असंल त त्यायचं."

राहिला पाचवा.
राईस मिलचा हमाल, पाठीला कायमचा बाक.
यानं काय शोधलं असणार?
मी आपलं रीत म्हणून गेले.
वाचता येत नाही त्याला, आकडे येतात,
कट्टे मोजून मोजून आलेले.
पाकीट उन्हात धरून
त्यानं पिनच्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं.
"हा सात नोहोय जी. एक आहे."

मी चष्मा पुसला. एकच होता.

नदीपल्याड त्याच नावाचं अजून एक गाव.
तिथं अजून एक उरकुडा,
आमच्यापैकी कुणी न पाहिलेला.

संध्याकाळी चौघं पोस्टाच्या पायरीवर बसले,
आपापला हक्क गेल्याचं कुणाला दुःख नव्हतं.
त्यानं काय केलं असंल, एवढंच चाललं होतं.
पाणी वर चढवणारं काही?
मोहाचं तेल काढायची चक्की?
हमाल बराच वेळ गप्प होता.
"त्याच्याई मायनं कनकी देली असंल,"
एवढंच म्हणाला, आणि बिडी पेटवली.

मी लाल शाईनं लिहिलं: पुढे पाठवावे.
डिंक लावून थैलीत टाकणार,
तेवढ्यात डबेवाला खाकरला.

"बाई, एक कार्डबी टाका त्याले.
इचारा,
डुकरायचं काई जमते का म्हनावं."