पावती

शनिवारी, मांपाँगच्या शाळेच्या पटांगणात
मी पावतीपुस्तक घेऊन बसले होते.
लाल-काळी वस्त्रं खांद्यावर घेतलेली माणसं
उजवीकडून डावीकडे हात मिळवत येत होती
आणि शेजारी बोआतेंग माईकवर पुकारत होता:
कोण, कुठून, किती.

सिआव मामा उजाडायच्या आत आलेला.
लॉरीतळावर चपला शिवतो तो.
सेर्वा मावशी आजारी होती तेव्हा तीन महिने
बहिणीच्या खाटेशी चटई टाकून निजला.
हे सगळ्यांना ठाऊक आहे,
म्हणून कुणी बोलत नाही.

दहा सेदीची नोट त्याने टेबलावर ठेवली,
तळव्याने घड्या मोडल्या.
मी पावती फाडली, चिठ्ठी पुढे सरकवली.
बोआतेंगने ती वाचली,
जनरेटरकडे पाहिलं,
आणि खालची चिठ्ठी उचलली.

खालची जाम्फीची. हँबुर्गचा जाम्फी.
पाच हजार.
युरोत किती, तेही सांगितलं, दोनदा.
ढोल वाजले. म्हातारे उठून उभे राहिले.
कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची काढून
त्याच्यासाठी गादीची आणली.

महिन्यापूर्वी बैठकीत मामा म्हणाला होता,
पेटी साधी घ्या,
उरेल त्यात तिच्या धाकटीची फी भरा.
एक जण खोकला.
एकाने पाणी मागितलं.
थोड्या वेळाने फोनच्या स्पीकरवरून
जाम्फी तेच बोलला. पेटी. धाकटी. फी.
आणि थोरले मान डोलावत म्हणाले,
परदेशात राहून पोराने
वाडवडिलांची अक्कल राखली!
टाळ्या पडल्या.
मामानेही वाजवल्या.

संध्याकाळी मंडप उतरत होता,
मी हिशेब जुळवत होते.
मामा आला, कोपरापर्यंत साबण.
म्हणाला, मागे पातेली घासत होतो गं,
भोंगा तिकडे नीट येत नाही.
माझं नाव वाचलं का?

वाचलं, मामा. मोठ्यांदा.

तो हसला. ओले हात वस्त्राला पुसून
खिशातली पावती चाचपली, आहे ना बघितली,
आणि तळावरची शेवटची लॉरी गाठायला निघाला.

मी पुस्तक उघडलं.
स्थळप्रतीवर नुसतं 'सिआव' लिहिलं होतं मी,
घाईत. मीच.
आधी जागा थोडी होती;
तिथे बारीक अक्षरात 'ओपानिन' घातलं,
आमच्यात थोरल्याला लावतात तसं.

ती प्रत कुणी वाचत नाही.