नफरी

तोंडवळीच्या ओल्या वाळूत काठीने रेघ ओढून
सगुणमामाने मला फौज शिकवली.
मी सहावीत होते, उद्या नागरिकशास्त्राचा पेपर,
ग्रामपंचायत ते संसद पाठ होत नव्हतं.
तो म्हणाला, ह्या त्यापेक्षा सोप्या.

दहा शिंपले मांडले. ही सेक्शन.
हिचा धनी हवालदार, म्हणजे तो स्वतः.
अशा तीन ढिगांचा प्लाटून, त्यावर सुभेदार.
तीन प्लाटूनांवर करवंटी पालथी घातली:
कंपनी. आत मेजरसाहेब.
अशा चार, शिवाय मोर्टारवाले, वायरलेसवाले,
लांगरी, न्हावी, धोबी,
सगळे धरून पलटण. आठशेच्या आसपास.
तिच्यासाठी त्याने पालथ्या होडीवर थाप मारली.
कर्नल.
तीन पलटणींची ब्रिगेड, म्हणून समोरचा खडक दाखवला,
ज्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात.
डिव्हिजनला हात पुरला नाही, नुसती हनुवटी उचलली
खडकापलीकडच्या पाण्याकडे.
आणि कोर?
तो बिडी शोधू लागला.
"जनरलसायब एकदाच दिसलो. जीपीत. पाठमोरो."

बिडी पेटली तेव्हा भरती करवंटीला लागली होती.
मी विचारलं, मग हुकूम कसा येतो एवढ्या लांबून?

म्हणाला, येता येता झिजतो.
तिकडे वर नकाशावर निळ्या पेन्सिलीचा बाण असतो.
ब्रिगेडला तो डोंगर होतो,
कर्नलकडे पहाटेचे साडेचार,
मेजरकडे ओढ्याच्या डाव्या अंगाने,
सुभेदारकडे, तो काळा धोंडा दिसतो ना, तिथून पुढे.
माझ्याकडे पोचला तेव्हा दोन शब्द उरले होते.
लाडू, ऊठ.

लाडू गावडे, शिवापूरचा,
गळ्यात माळ, खिशात सुपारी.
उठला.

संध्याकाळी गिनती झाली. नऊ.
मामाने सुभेदाराला नाव सांगितलं,
सुभेदाराने मेजरला सांगितलं, एक.
पलटणीच्या कागदावर तो सातांमधला झाला,
त्यापुढे, मामा म्हणतो, वर कुठेतरी
कुणीतरी चांगल्या अक्षरात लिहिलं असणार
नुकसान किरकोळ.
खोटं नाही ते, असंही म्हणतो.
तेवढ्या उंचीवरून किरकोळच दिसतं.
"माका धाच नावां पाठ. बाकीचो हिशेब सायबांचो."

पेपरात मी लोकसभेची सदस्यसंख्या चुकवली.

परवा गेले होते. रापण लागली होती.
दोन्ही दोरांवर माणसं, कमरेला पट्टे,
वाळूत टाचा रोवून मागे मागे जाणारी.
मामाला आता दोर ओढवत नाही,
तो टोकाशी उभा राहून वेटोळं घालतो
आणि गिनती करतो, तोंडातल्या तोंडात.
तांडेल सोमा कुबल त्याच्याहून तीस वर्षांनी लहान;
मामा त्याला ताठ उभा राहून विचारतो,
"दोर ढिलो सोडू?"

बांगडा बरा आला. वाटे पडले:
जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचे,
मोंडकरांच्या विधवेचा, देवळाचा.
मग मामाने वाकून, गुडघा धरत,
प्रत्येक ढिगातला नाही, फक्त स्वतःच्या ढिगातला
मूठभर बांगडा उचलून बाजूला ठेवला.
पट्टा सोडता सोडता एक नवीन पोरगा म्हणाला,
आजोबा, हा कुणाचा?
सोमाने त्याला डोळ्याने दटावलं.

मला राहवलं नाही. मामा,
तो तर माळकरी होता.
मासे शिवत नव्हता.

मामाने वाळू झटकली.
"वाटो तो वाटो," म्हणाला,
"खाल्यान तर खाल्यान."
आणि पाटी घेऊन वर निघाला.
मी थांबले. मांजर आलं होतं, लांब बसून बघत होतं.
मीही मोजू लागले, कोण कोण पाण्यातून बाहेर आलं.