दुसरा हात

एप्रिलमधल्या एका रात्री कड्याने कूस बदलली
आणि घळईतली वाट दोन ठिकाणी ओढ्यात गेली.
सकाळी पाणी ताकासारखं. दुपारपर्यंत पुन्हा निळं,
आपण काही केलंच नाही अशा थाटात
सोचा नदीकडे निघालेलं.

मंडळाचं पत्र आलं, दोन ओळींचं:
घळईची वाट बंद. खुणा पुसाव्यात.
पुसायला यर्नेय, वय एकाहत्तर,
आणि डबा धरायला मी.

आमच्या डोंगरात खूण म्हणजे पांढरा ठिपका, भोवती लाल कडं.
बीचच्या खोडावर, दगडावर, कुठे लाकडी पुलाच्या खांबावर.
चाळीस वर्षं त्याने या खोऱ्यात तेवढंच काढलं.
आज माझ्या डब्यात राखाडी रंग,
इथल्या चुनखडीशी जुळवून आणलेला;
दुकानदाराने तीनदा घोटला,
तिन्ही वेळा यर्नेयने मान हलवली: अजून फिका.

"खूण काढणं सोपं," चालता चालता तो म्हणाला.
"काढायची, मागे जायचं. येणाऱ्याला दिसते का?
मग पलीकडे जायचं आणि वळायचं.
परतणाऱ्याला दिसते का?
चढताना माणूस सावध असतो.
चुकतो तो उतरताना,
जेवणाचा वास नाकात घेऊन."

खेचरांसाठी सैनिकांनी रचलेली दगडी चढण
अजून जशीच्या तशी होती. शंभर हिवाळे तिने काढले.
तुटली ती आपली अलीकडची,
लोखंडी दोर लावलेली, पत्रकात छापलेली.
दोराचं एक टोक कड्यावरून लोंबत होतं
आणि वाऱ्यावर दगडाला टकटक करत होतं.

आम्ही वरून खाली पुसत आलो.
मी मोजत होते. तो मोजत नव्हता.
सतराव्या खुणेपाशी त्याने टोपी मागे सारली.
कडं गोल नव्हतं. अंड्यासारखं, डावीकडे कललेलं.
"तिल्काची," तो म्हणाला.
"पाऊस येत होता, आणि तिला हसू येत होतं."

तिल्काला जाऊन पाच वर्षं झाली. मी तिला पाहिलं
ते फक्त त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फोटोत,
कानाला लाल रंग लागलेली.

मला वाटलं, ही एक तो ठेवील.
दोन वर्षांत शेवाळ खाईलच की तिला.
मी तोंड ओढ्याकडे फिरवलं,
म्हणजे त्याला ठेवता यावी.
पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिले.

मागे कुंचल्याचा आवाज आला.

रंगाचा एक हात पुरला असता.
तो सुकेपर्यंत यर्नेय दगडावर बसला,
पाव खाल्ला, कांदा खाल्ला, सुरी विजारीला पुसली.
मग उठून दुसरा दिला,
कडेकडेने, सावकाश,
जिथे लाल अजून डोकावत होतं तिथे बोटाने.
"कुणाचं तरी पोर येईल," तो म्हणाला.
"लाल दिसलं की ती विश्वास ठेवतात."

वाट मोडायची तर अशी मोडायची,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवी वाट खिंडीवरून जाते. दीड तास जास्त.
लोक आम्हाला शिव्या घालतील.
पहिल्याच वळणावर एक जर्मन जोडपं भेटलं,
काठ्या नव्या, गाल टोमॅटो.
"अजून किती?" त्यांनी विचारलं.
"माझ्या पायांनी पन्नास मिनिटं," यर्नेय म्हणाला,
"तुमच्या पायांना विचारा."

तिथेच त्याने कुंचला माझ्याकडे दिला.
पांढरा जमला. लाल खाली ओघळला,
मी आवरायला गेले तर आणखी पसरला.
तो काही बोलला नाही. मागे गेला, पाहिलं.
पलीकडे गेला, झुडपाला वळसा घालून, वळला.
बराच वेळ तिथेच उभा राहिला.

"दिसते," म्हणाला,
आणि डब्याचं झाकण शोधू लागला,
जे त्याच्याच खिशात होतं.