नेफा

अजो गावाच्या दक्षिणेला, चौदा मैलांवर,
पहिल्याच रात्री वाऱ्याने तंबूची काठी मोडली
आणि मोडता मोडता तिने नेफा फाडला.

नेफाच म्हणते मी.
कापडाची ती अरुंद बोळ, जिच्यातून काठी सरकते,
तिला इकडे काहीतरी दुसरं नाव असेल.
मला परकराची नाडी ओवल्यासारखंच वाटतं,
फक्त नाडी इथे ताठ आणि माझ्यापेक्षा उंच.

विश्राम म्हणाला, टाकून दे, ट्यूसनला नवा घेऊ.
म्हणाला, आणि स्वतःच मोडक्या काठीला खुंटीचा आधार देऊन
चिकटपट्टीचे वेढे घालत बसला.

सुई होती. दोरा नव्हता.
पंचवीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढलेल्या बाईच्या पर्समध्ये
जे हमखास असतं ते निघालं:
फ्लॉसची डबी. पुदिन्याच्या वासाची.
सग्वारोची सावली हातभर रुंद,
ती सरकेल तशी मी सरकत होते,
आणि मांडीवरचा तंबू
कुणीतरी नुकत्याच चूळ भरल्यासारखा दरवळत होता.

कापड उलटं केलं तेव्हा दिसलं,
हा नेफा आधीही एकदा फाटलेला.
हिरव्यावर लाल दोरा. टाके तांदळाएवढे,
माझ्या टाक्यांच्या उलट्या अंगाला कललेले.
म्हणजे बाई डावखुरी.
बाप्याही असेल. मी बाईच धरून चालले.

अजोत एका अंगणातून बारा डॉलरला घेतला होता हा तंबू.
म्हाताऱ्याने खुंट्या दोनदा मोजल्या,
एक कमी भरली म्हणून एक डॉलर परत केला,
आणि तंबू गाडीत ठेवेपर्यंत
त्याच्या पिशवीचा बंद सोडला नाही.
मला काही विचारायचं सुचलं नाही.
मी खुंट्यांचाच हिशेब करत होते.

लाल जिथे संपतं तिथून मी सुरुवात केली.
एक टाका तिच्यावर चढवून घेतला, पकड यावी म्हणून.

पहाटे तीनला वारा परत आला.
छत छातीपर्यंत खाली यायचं, पुन्हा वर जायचं.
विश्रामची काठी टिकली.
माझी टीप दोन बोटं उसवली.
लाल टाका एकही हलला नाही.

सकाळी पुन्हा सुई ओवली,
या खेपेला डाव्या हातात धरून पाहिली.
अंगठ्याला टोचली, दोनदा.
चहात वाळू होती.
फ्लॉस अजून वीतभर उरलाय.