राखाडी चाक

तिबिलिसीच्या स्टेशनाखालच्या बोगद्यात माझं दुकान.
दुकान म्हणजे एक खिडकी, एक दिवा
आणि फुटलेल्या काचांचा डबा.
सकाळी साडेनऊला पिक्रिया आली,
एका हातात कागदात गुंडाळलेला भट्टीचा पाव,
दुसऱ्या हातात फोन, पावाहून गरम.

"बॅटरी बदलून द्या," म्हणाली.
"रात्रभर चार्जिंगला असतो, दुपारपर्यंत मरतो.
उशाखाली तापतो,
आत्ताच कुणीतरी बोलून खाली ठेवल्यासारखा."

बॅटरी ठणठणीत होती.
पाल तेव्हाच चुकचुकली.

सुतार वाळवीसाठी लाकूड ठोकत जातो
तशी मी एकेक यादी ठोकत गेले.
डेटा कुणी खाल्ला?
नकाशानं थोडा, बहिणीच्या व्हिडिओ कॉलनी बराच,
आणि 'सिस्टिम सेवा' नावाच्या कुणीतरी सगळ्यात जास्त.
चिन्ह राखाडी दातेरी चाक.
पडद्यावर कुठेच नाही,
यादीत मात्र पोट सुटलेलं.
अळीमिळी गुपचिळी.

परवानग्या उघडल्या :
ठिकाण, मेसेज,
पडद्यावर दिसेल ते वाचायची मुभा.
काढायचं बटण फिकट, दाबलं तरी मेलेलं,
कारण फोनचा कारभारच याच्या नावावर.
आणि शेवटी, मायक्रोफोन.

तिथे मी थांबले.
मग मोठ्यानं म्हणाले, "बॅटरीच गेलीये हो, पन्नास लारी होतील."
आणि पावाचा कागद सरळ करून
तेलकट नसलेल्या कोपऱ्यात लिहिलं :
चौदा नोव्हेंबरला काय होतं?

तिनं कागद वाचला, मला वाचलं.
पेन्सिल घेतली.
माझा वाढदिवस. मालखाझनं हा फोन दिला.
म्हणाला, सगळं घालून आणलंय,
तुला काही करावं लागायचं नाही.

मग बराच वेळ काहीच लिहिलं नाही.
शेजारचा चार्जर विकणारा ओरडत होता, तेवढाच आवाज.
पाच महिने ती उलटे मोजत असावी,
कारण कागदावर एकदम हे आलं, तिरकं, घाईत :
आईशी बोलताना मी रडले होते.
त्या रात्री त्यानं न विचारता चहा केला.
मला वाटलं, माया असली की कळतं.

भिंतीला कान असतात, ठीक आहे.
ही तर कानालाच लावायची वस्तू.

मी लिहिलं : दहा मिनिटांत काढते.
तिनं माझं मनगट धरलं.
काढू नका. काढलं की त्याला कळेल.
आणि त्याखाली, दोन रेघा मारून :
तीन दिवस मिळतील का?

माझी कशात पडायची सवय नाही.
नवरा-बायकोत तर नाहीच.
पण पेन्सिल माझी होती आणि कागद तिचा.

"ही बॅटरी मागवावी लागेल," मी मोठ्यानं म्हणाले.
"तीन दिवस. फोन तिसऱ्या खणात ठेवते."
पाव तिथेच विसरून ती गेली.
कागद मात्र घेऊन गेली.

तीन दिवस राखाडी चाकानं माझा रेडिओ ऐकला,
माझी घासाघीस, माझा खोकला,
दुपारी भावाशी झालेलं जमिनीवरचं भांडण.
मीही जरा नीट बोलायला लागले,
पाहुणा घरात असला की बोलतो तशी.

चौथ्या दिवशी एक माणूस खिडकीशी आला.
दाढी नेटकी, आवाज मऊ.
"पिक्रियाचा फोन," म्हणाला. ती कुठे, ते विचारलं नाही.
मी उठायच्या आत त्याची नजर
तिसऱ्या खणावर जाऊन बसली होती.

फोन त्याच्या हातात दिला.
"झाली बॅटरी?"
"बॅटरी कधीच बिघडलेली नव्हती," मी म्हणाले,
आणि पन्नास लारी मोजून घेतले.