पांढरी तार

जजने वाटणी केली तेव्हा पिकअप थर्लोला दिला,
ट्रेलर मला.
टॅन्सीबद्दल कुणी विचारलंच नाही.
सव्वीस वर्षांची घोडी, कागदावर किंमत शून्य.

आता तिच्या पोटात पीळ पडलाय.
डॉक्टर शेरिडनला. मध्ये खिंड,
आणि खिंडीपलीकडे अकरा मैल नुसता उतार.
थर्लो आला. दार वाजवलं नाही, हॉर्न वाजवला.
मी ट्रेलर अडकवला, प्लग खोचला,
आणि स्टिअरिंगखालच्या त्या काळ्या डबीवर
लाल अक्षरं लुकलुकली: जोडणी नाही.

"तुझ्या ट्रेलरमध्ये आहे," तो म्हणाला.
"तुझ्या गाडीत," मी म्हणाले.
आमचा बावीस वर्षांचा संसार असाच झाला,
फक्त तेव्हा हाताशी मल्टिमीटर नव्हता.

मार्च. बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ.
मी खडीवर गुडघे टेकून
सात भोकांतलं निळ्या तारेचं भोक शोधलं,
मीटरची सुई आत घातली.
"दाब!" मी ओरडले. त्यानं लिव्हर सरकवली.
चार, सात, साडेअकरा, बारा.
गाडीची बाजू स्वच्छ होती.
हे त्याला सांगताना माझी जीभ जरा जड झाली.
आतून तो "हं" म्हणाला.
तो हं मी ओळखते.

मग ट्रेलर.
मागचे दिवे लागत होते, पण अर्धवट झोपेत असल्यासारखे.
मी होकायंत्र चाकाशी धरलं.
ब्रेकच्या चुंबकात वीज आली तर सुई वळते,
ही त्याच्या वडिलांची युक्ती,
होकायंत्रही त्यांचंच, वाटणीत राहून गेलेलं.
"दाब!"
सुई ढिम्म.
"दाबतोयस ना?"
"आता मोडेल ही!"
चारही चाकांना विचारून आले. सुईचं एकच उत्तर.

म्हणजे वीज जायला वाट होती, परतायला नव्हती.
निळी तार घेऊन जाते, पांढरी परत आणते,
आणि पांढरीचं शेपूट ट्रेलरच्या दांड्यावर
एका बोल्टखाली लोखंडाला टेकलेलं असतं.
त्यालाच अर्थ म्हणतात.
तो लागत नव्हता.

गेल्या ऑगस्टमध्ये मी ट्रेलर रंगवला. हिरवा, दोन हात.
दांड्यावर पांढऱ्या रंगात आमची नावं होती,
तेवढ्या जागेवर तीन,
कारण दोन हातांतूनही त्याचं आद्याक्षर डोकावत होतं.
बोल्ट काढला, त्याच्याखालीही ब्रश फिरवला,
वाळल्यावर परत पिळला. घट्ट.
रंगातून वीज जात नाही, हे शाळेतल्या पोराला कळतं.
मलाही कळत होतं.

पेचकसानं खरवडायला बसले.
हिरवा निघाला, त्याखालून थोडा पांढरा,
मग लोखंड, चकचकीत, बोटाला चिकटेल इतकं थंड.
तार टेकवली. बोल्ट आवळला.
"दाब!"
सुई चाकाकडे वळली,
घोडीनं हाकेसरशी कान वळवावा तशी,
आणि चाकाच्या पोटातून बारीक गुणगुण आली.

"काय होतं?" त्यानं विचारलं.
"गंज," मी म्हणाले.
तो उतरला. वाकून बघितलं.
खडीवर हिरवे कपचे पडलेले,
माझ्या नखांतही हिरवं.
त्यानं बुटाच्या टोकानं ते कपचे
खडीखाली सारले, एक राहिला तोही.
"गंज वाईट," म्हणाला,
आणि टॅन्सीला आणायला तबेल्याकडे गेला.

उतारावर रेडिओ लावला नाही.
वळण आलं की तो ब्रेकवर पाय ठेवायचा,
मागून ट्रेलर अलगद आम्हाला धरून ठेवायचा,
टॅन्सी एक खूर आपटायची.
मग आम्ही दोघंही मागे बघायचो,
तो त्याच्या आरशात,
मी माझ्या.