मूर्तिमंत

प्रश्न तिसरा, उपप्रश्न आ :
'मूर्तिमंत' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा.
गुण एक.

मार्केट यार्डामागची शाळा, सातवी ब.
फेब्रुवारीत वारं यार्डाकडून येतं,
पेपर तपासायच्या आधी झटकावे लागतात.
एकेचाळीस पेपर, लाल रिफिल संपत आलेली.

आई म्हणजे मूर्तिमंत वात्सल्य.
बरोबर.
आई म्हणजे मूर्तिमंत वात्सल्य.
बरोबर.
आई म्हनजे मुर्तीमंत वासल्य.
अर्धा.
एकाच गाईडातल्या एकाच वाक्याचं
हरिपुरात फुटावं तसं पेव फुटलेलं.
बावीस आया मोजल्या, मग मोजणं सोडलं.
त्यातली एक मागल्या सोमवारी
मधल्या सुट्टीत येऊन
पोराच्या पाठीत चप्पल घालून गेली होती.

मग भागीरथी यल्लाप्पा कोळेकर.
माझे बाबा मूर्तिमंत पिवळे आहेत.

मी फुली मारली.
समासात लिहिलंसुद्धा :
मूर्तिमंत सत्य असतं, मूर्तिमंत लोभ असतो,
ज्याला आकार नाही त्याला हा शब्द आकार देतो,
रंग तर दिसतोच, त्याला मूर्ती कशाला?
मावलं नाही,
बाण काढून मागच्या पानावर नेलं.

शनिवारी पालकसभा.
तो सौद्यावरून तसाच आला, आकडा कमरेला.
भुवया पिवळ्या. पापण्यांची मुळं पिवळी.
कानाच्या वळणांत पिवळं साचलेलं.
नखं तर नखं नव्हतीच,
बोटांच्या टोकाला हळकुंडाचे कपचे.
खोकला, तेव्हा खिडकीतल्या तिरप्या उन्हात
खोकलासुद्धा दिसला.
बाकावर बसला नाही.
"डाग पडंल."

धुऊन जात नाही का, मी विचारलं.
विचारायला नको होतं.
"जतला हुतो तवर काळाच हुतो बाई," हसला,
"हितं येऊन अठरा वर्सं झाली.
साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं.
अंगावरचं जातंय. घामातलं जात न्हाई.
उशीला इचारा."

मग, मी काही न विचारताच,
भिंतीवरच्या नकाशाकडं बघत :
"भावकी म्हणती, सातवी झाली, बास.
म्हनलं, हळद माज्याच अंगाला लागू द्या,
तिच्या अंगाला इतक्यात न्हाई."

भागीरथी दाराशी उभी.
बुटाची लेस पुन्हा पुन्हा बांधत होती,
बांधलेलीच.

सही येते म्हणाला. तिनं शिकवली.
'ल्ल'पाशी जरा थांबला, श्वास घेतला,
ओलांडून गेला.
प्रगतिपुस्तक सरकू नये म्हणून
डाव्या अंगठ्यानं दाबून धरलं होतं.
सही निळी.
तिच्या शेजारी, कुणी न मागितलेला,
अंगठा.

ते गेल्यावर मी पेपर पुन्हा काढला.
फुली खोडावी तर व्याकरण आडवं येतं,
ठेवावी तर तो आडवा येतो.
अर्धा गुण दिला.
अर्धाच का, हे मुख्याध्यापकांनी विचारलं असतं
तर मला सांगता आलं नसतं.
नशीब, अर्ध्या गुणाचं कुणी विचारत नाही.

एप्रिलात, वार्षिक परीक्षेत, तोच शब्द आला.
भागीरथीनं लिहिलं :
आई म्हणजे मूर्तिमंत वात्सल्य.
ऱ्हस्व-दीर्घ जिथल्या तिथं. शेवटी पूर्णविराम,
तोही जरा जास्तच दाबून.

निकालाच्या दिवशी टेबलापाशी आली.
"बाई, आता बरोबर हाय न्हवं?"

बरोबर, म्हणाले.
पूर्ण गुण होता. द्यावाच लागला.

बाहेर पोती फोडत होते, वारं शाळेकडंच होतं.
तिचा पेपर गठ्ठ्यातून काढून
मी सवयीनं झटकला.
काही पडलं नाही.